म्हशीच्या कानातला चार

तुम्ही दोघांनी त्या दिवशी फोनवर एकाच सुरात सांगितलंत, "आजी, तो बारकोड वाचता येणार नाही. सोडून दे." दोघंही संगणकाच्या नोकरीत, दोघंही माझ्यापेक्षा हुशार, आणि दोघंही चुकलात. रागाने लिहीत नाहीये. क्रमाने लिहिते, म्हणजे नेमकं कुठे चुकलात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

एक गोष्ट आधीच सांगते. मी आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणजे आयुष्यभर पेपर तपासले. पाण्याने पसरलेली शाई, घामाने पुसलेली गणितं, शेवटच्या पाच मिनिटांतली गिचमीड, सगळं वाचलं. "वाचता येत नाही" असा शेरा मी एकाही पेपरावर मारला नाही. वाचणाऱ्याला कंटाळा आला की अक्षर वाचता येईनासं होतं, एवढंच मला माहीत आहे.

संगणकाशी माझी गाठ कशी पडली, हेही तुम्हाला बहुतेक ठाऊक नसेल. दौंडच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली आणि "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे" असं म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. चांगल्या इंग्रजीचा आणि संगणकाचा संबंध काय, हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण हातात किल्ली आली की कुलूप उघडून बघावं, असा माझा स्वभाव. प्रोग्रॅम लिहायला मी त्या खोलीत शिकले आणि मग मुलांना शिकवलं.

निवृत्तीनंतर मांडवगण फराट्याला राहायला आले, आणि तुम्ही मागे ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर पुन्हा सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या डब्यांसाठी मी बारकोड छापले. तुमचा बाबा हसून हसून दमला. म्हणाला, "आई, हळदीला बारकोड? हळद पिवळी असते!"

"पिवळं बेसनही असतं," मी म्हटलं.

मला डबे ओळखायचे नव्हतेच. रेघांमध्ये अंक लपवायचा कसा आणि परत काढायचा कसा, ते मला दुसऱ्याच्या ॲपमधून नको होतं, माझ्या हाताने करायचं होतं. बारकोडचे पुष्कळ प्रकार आहेत. मी सगळ्यांत साधा घेतला. त्यात दर अंकाला पाच रेघा, दोन जाड आणि तीन बारीक. कुठल्या दोन जाड आहेत त्यावरून अंक ठरतो. चारात तिसरी आणि पाचवी जाड, आठात पहिली आणि चौथी. गंमत पुढे आहे. पहिला अंक काळ्या रेघांत लिहायचा आणि दुसरा त्याच रेघांमधल्या पांढऱ्या फटींत, कारण फटीही जाड-बारीक असतातच. सगळ्यांत शेवटी एक राखणदार अंक. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक तिपटीने धरायचे, बाकीचे आहेत तसे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेच्या शेवटी शून्य आलं पाहिजे. नाही आलं, तर आकडा लिहिताना किंवा वाचताना कुणीतरी घोटाळा केला आहे.

एवढं डब्यांवर चाललं होतं. मग म्हैस गेली.

आमची शेजारीण तुम्हाला आठवत असेल, तुम्हाला खरवस आणून देणारी. तिच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, पावसाळा संपला की बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघायचे. आता ऊस आहे आणि दोन म्हशी. नवरा रांजणगावच्या कंपनीत, त्याची शिफ्ट फिरती, त्यामुळे घरचं सगळं तीच बघते. त्या दोन म्हशींतली एक, दिवस भरत आलेली, दुपारी नदीत डुंबायला उतरली आणि अलीकडे यायच्या ऐवजी पलीकडे निघाली. आमच्याकडे भीमेचा हा काठ शिरूर तालुका आणि तो काठ दौंड तालुका. म्हणजे म्हशीने नुसती नदी ओलांडली नाही, तालुका बदलला. तिकडच्या कुणाच्या तरी मक्यात शिरली आणि त्या गावच्या कोंडवाड्यात जाऊन पडली.

शेजारीण माझ्याकडे आली ती पदर खोचूनच. "बाई, चला संगं. हापिसातलं बोलनं मला उमगत न्हाई."

कोंडवाड्यात आमच्याआधीच दोन माणसं हजर होती. एक दूध संघाचे सुपरवायझर. आमच्या भागातल्या म्हशींच्या कानात संघाने पिवळे बिल्ले मारले आहेत, त्यावर बारकोड. ग्रामपंचायतीने हात झटकले होते, संघाचं मशीन ज्याचं नाव सांगेल त्याला म्हैस देऊ. दुसरे होते त्याच गावचे एक आप्पा, मोठे बागायतदार, संघाच्या संचालक मंडळावर बसलेले. त्यांचीही एक म्हैस मागच्या पावसाळ्यात नाहीशी झाली होती. त्यांचं म्हणणं, ती हीच.

"हीच माझी," शेजारीण फाटकातूनच म्हणाली.

"मावशी, तोंडाने सांगून चालत नाही," सुपरवायझर म्हणाले. त्यांनी स्कॅनर म्हशीच्या कानाशी धरला. एकदा, दोनदा, वेगवेगळ्या अंगाने. स्कॅनर गप्प. "बघा. मशीन नाही म्हणतंय."

"मशीनला काय इचारताय? म्हशीला इचारा की!" आणि तिने हाक मारली. म्हशीने मान वर केली आणि रेकली.

"ती कुणालाही रेकते. सकाळी मलाही रेकली."

आप्पा हसले. "कपाळाला पांढरं हाय, शिंगं मागं वळल्याली हायती. माझी अशीच हुती. डोळं झाकून सांगतो."

"आप्पा, तुमची गेली तवा ही माझ्या दारात बांधल्याली हुती. बारकी वगार हुती तवापास्नं हाय माझ्याकडं."

"मंग बिल्ला का बोलंना?"

बिल्ला का बोलत नव्हता ते मी जवळ जाऊन पाहिलं. खालचा छापील आकडा कान घासून घासून पार गेला होता. रेघा होत्या, पण त्यांवरून तारेच्या कुंपणाने ओरबाडलेला एक पट्टा गेला होता, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरपा.

सुपरवायझरांनी त्यांच्या मोबाइलमध्ये शेजारणीचं नाव काढलं. तिच्या नावावर दोन म्हशी. एक घरी होतीच. दुसरीचा आकडा त्यांनी मला दाखवला आणि मी तो लिहून घेतला: 20839020. "कानात हाच नंबर आहे असं निघालं, तर न्या. सोमवारपर्यंत थांबतो. त्यानंतर पंच आहेत आणि आप्पा आहेत."

म्हणजे सोमवारनंतर म्हैस आप्पांची, आणि पोटातलं रेडकूही आप्पांचं.

मी शेजारणीला म्हशीचा कान धरायला लावला आणि मोबाइलवर बिल्ल्याचे फोटो काढले. आप्पा म्हणाले, "काढा, काढा. लग्नाला उपेगी येत्याल."

घरी येऊन तुम्हाला फोन केला तो हाच. फोटोही पाठवला. तुम्ही तुमची ॲपं चालवून पाहिलीत, मग धाकटी म्हणाली, "आजी, ॲप एक आडवी ओळ पकडतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतं. इथे कुठलीही ओळ धर, कुठे ना कुठे तो ओरखडा आडवा येतोच. एकही ओळ सलग नाही." तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तिथेच थांबलात, ते चुकलं.

बारकोड उंच का असतो, याचा विचार करा. उंचीत काहीही लिहिलेलं नसतं. सगळा मजकूर आडवा. वरपासून खालपर्यंत तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो, वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला एकच वाक्य पानभर लिहायला लावावं तसा. आता ते पान तिरपं फाटलं, तर वरच्या ओळीतला शेवटचा शब्द जाईल, मधल्या ओळीतला मधला, खालच्या ओळीतला पहिला. वाक्य गेलं का? मुळीच नाही. डावा भाग वरच्या ओळीतून घ्या, उजवा खालच्या ओळीतून घ्या, वाक्य पुरं होतं.

माझ्या प्रोग्रॅमला मी हेच शिकवलं. फोटोतली एक आडवी ओळ घ्यायची, प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजायचा, काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं ते बघायचं. ओरखडा लागेपर्यंतच वाचायचं. मग खालची ओळ घेऊन दुसऱ्या टोकाकडून यायचं. बिल्ला कानासारखाच वळलेला होता, त्यामुळे एका बाजूची बारीक रेघ दुसऱ्या बाजूच्या जाड रेघेइतकी दिसत होती. म्हणून फूटपट्टी सगळीकडे एकच लावून भागेना. प्रत्येक अंकाच्या पाच रेघा आपापसांतच ताडून बघायच्या, त्यांतल्या सगळ्यांत जाड दोन कोणत्या, एवढंच विचारायचं.

तरी राखणदार अंक मानेना. मधल्या एका अंकाला पाचाऐवजी सहा रेघा निघत होत्या. मी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला आणि शेवटी फोटो मोठा करून बघितला. सहावी रेघ म्हणजे म्हशीचा केस होता. वाटेल त्या बारीक रेघेला रेघ म्हणायचं नाही, असा एक नियम घातला आणि आकडा निघाला. दोन, शून्य, चार, तीन, एक, शून्य, दोन, शून्य. बेरीज तीस. शेवटी शून्य.

मला इतका आनंद झाला की शेजारणीला मी अंगणातूनच हाक मारली. ती शेणाचे हात घेऊन पळत आली. तिला आकडा दाखवला आणि मग सुपरवायझरांनी दिलेला आकडा शेजारी ठेवला.

ते दोन आकडे एक नव्हते.

"काय झालं, बाई?" माझं तोंड बघून तिने विचारलं.

मी सुपरवायझरांना फोन लावला. तिला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, ते करायला नको होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, तुम्हीच माझं काम सोपं केलंत. हा नंबर तुमच्या शेजारणीच्या नावावर नाही. म्हणजे म्हैस तिची नाही."

"मग कोणाच्या नावावर आहे?"

"कोणाच्याच नाही. रिकामा दाखवतंय."

"म्हणजे बिल्ला आभाळातून पडला?"

"ते मला काय माहीत? मी मशीन सांगेल तसं."

फोन ठेवला. आत्तापर्यंत शेजारणीच्या विरुद्ध पुरावा नव्हता, आता मी तयार करून दिला होता. शेजारीण मोरीकडे वळली. हात धुतले आणि घरी राहिलेल्या म्हशीची धार काढायला निघून गेली.

सकाळी ती परत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, तुमचं वाचताना चुकलं आसंल. म्हस माजी हाय."

"माझं वाचणं बरोबर आहे. आणि म्हैसही तुझीच आहे. दोन्ही बरोबर आहे."

"आसं कसं व्हईल?"

"तेच शोधायचंय. आत ये, चहा घे."

मी ठरवलं की दोन्ही आकड्यांचे बारकोड काढायचे आणि समोरासमोर ठेवायचे. डब्यांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम होताच, आकडा द्यायचा आणि तो रेघा काढतो. संघाचा आकडा दिला, रेघा आल्या. मग बिल्ल्यावरचा दिला. लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर राहिला होता, मधे मी तुमच्या आईला निरोप लिहिला होता म्हणून. माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण प्रोग्रॅमने कुरकुर न करता रेघा काढून दिल्या. त्याला मराठी ४ आणि इंग्रजी चार सारखाच. दोन्हीचं मोल चार.

पण पडद्यावर दोन्ही आकडे एकाखाली एक उमटले होते:

20839020
२०४३१०२०

चहाचा कप मी खाली ठेवला. तुम्हीही बघा, घाई करू नका. दोन, तीन आणि शून्य हे तीन अंक मराठीत आणि इंग्रजीत जवळजवळ सारखे दिसतात. मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठी १ इंग्रजी नवासारखा. या आकड्यात एखादा पाच, सहा किंवा सात असता, तर बघणाऱ्याला लगेच कळलं असतं की हे मराठी अंक आहेत. यात तसा एकही अंक नव्हता. इंग्रजी समजून वाचणाऱ्याला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ इंग्रजी वाटला असता. संगणकाने ४ चार वाचला होता. माणसाने तो आठ वाचला होता.

"बिल्ला मारला तेव्हा नंबर कोणी लिहून घेतला?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. बिल्लेवाल्याचा मोबाइल बंद पडला हुता. त्यो म्हनला, मी वाचून दावतो, तुमी हितंच कुटंतरी लिवून ठिवा, उंद्या हापिसातली बाई यीऊन फोटू काढून न्हील."

"मग तू लिहिलास?"

"म्याच. गोठ्याच्या भितीवर, कोळशानं."

"आहे अजून?"

"आता कुटं? दिवाळीला सारवली की भित."

मी तिला पडद्यावरचे दोन आकडे दाखवले आणि सांगितलं. तिने एकेका अंकावर बोट फिरवलं. "म्हंजी माजा चार त्येंनी आठ केला?"

"आणि एकाचा नऊ."

"शाळंत गेल्याल्या न्हाईत का त्या?"

"गेल्या असतील. इंग्रजी शाळेत."

यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग एकदम गंभीर झाली. "पर ह्ये त्येंला पटंल का? भित तर गेली."

भिंत गेली होती, पण रेघा होत्या. संघाच्या माणसाला माझा प्रोग्रॅम दाखवून काही उपयोग नव्हता. त्याने पुन्हा "आमचं मशीन" म्हटलं असतं. त्याला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं होतं. मी शिरूरला गेले आणि झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही आकड्यांचे बारकोड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर छापून घेतले, बिल्ल्यावरच्या रेघा जेवढ्या रुंद तेवढेच. मापासाठी दुकानदाराला तीनदा छापायला लावलं. तो म्हणाला, "आजी, कशाला लावायचंय एवढं नाजूक?"

"म्हशीच्या कानाला."

त्याने पट्ट्या पाकिटात घालून दिल्या.

सोमवारी कोंडवाड्यात पोचलो तेव्हा आप्पा टेम्पो घेऊनच उभे होते. सुपरवायझर मला बघून म्हणाले, "बाई, तुम्हीच तर नंबर काढून दिला. आता काय राहिलं?"

"तुमच्या मोबाइलमध्ये बेरीज करायची सोय आहे ना? काढा. तुमच्या नोंदीतला नंबर घ्या. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा अंक तिपटीने, बाकीचे तसेच. बेरीज करा."

त्यांनी हसत हसत केली. "सहासष्ट."

"आता तिच्या घरच्या दुसऱ्या म्हशीचा नंबर घ्या. तशीच."

ती केली. शेवटी शून्य आलं.

"आता आप्पांच्या एखाद्या म्हशीचा."

"माझ्या म्हशीला कशापायी मधी आणताय?" आप्पा म्हणाले. पण सुपरवायझरांना आता गंमत वाटू लागली होती. त्यांनी केली. शून्य. त्यांच्या मनाने त्यांनी आणखी एका गावातली कुठलीतरी म्हैस घेतली. शून्य. मग ते हसायचे थांबले.

"प्रत्येक बिल्ल्याच्या बेरजेच्या शेवटी शून्य येतं, आणि हिच्याच नोंदीत सहासष्ट," मी म्हटलं. "असा बिल्ला तुमच्या संघाने कधी छापलेलाच नाही. जो नंबर जगात नाही तो तिच्या नावावर आहे, आणि जो म्हशीच्या कानात आहे तो कोणाच्याच नावावर नाही. आता हे बघा."

शेजारणीने म्हशीचा कान धरला. मी आठाची पट्टी बिल्ल्यावर ठेवली. पहिल्या काही रेघा जुळल्या, मग काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं, सगळा गोंधळ. मग चाराची पट्टी ठेवली. ओरखड्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला काळ्यावर काळं बसलं, पांढऱ्यावर पांढरं.

आप्पांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकून बघितलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बसलं की ओ."

मग सावरून म्हणाले, "पर रेघा काय, कुनीबी छापंल."

"छापेल ना. तुमच्या हरवलेल्या म्हशीचा नंबर सांगा, मी त्याचीही पट्टी छापून आणते. ती हिच्या कानावर बसली, तर म्हैस तुमची."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, झालं. पण सुपरवायझर म्हणाले, "बाई, पटलं मला. पण नोंद बदलायचा अधिकार मला नाही. शिरूरच्या ऑफिसात अर्ज करा. तोपर्यंत म्हैस..."

"तोपर्यंत म्हैस कुठे?"

"नियमाने पंचांकडे."

"बरं," मी म्हटलं आणि पाण्याच्या हौदाच्या काठावर बसले. शेजारणीने सोबत आणलेली वैरण म्हशीपुढे टाकली आणि तीही माझ्याशेजारी टेकली. "पंचांना बोलवा. सगळ्यांपुढे पट्टी पुन्हा लावून दाखवते. मग विचारते, की गोठ्यात लिहिलेला मराठी चार तुमच्या ऑफिसात आठ कसा होतो, आणि या भागातल्या आणखी किती म्हशींचा झाला असेल. मला घाई नाही. मी निवृत्त आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. आप्पा टेम्पोवाल्याशी बोलण्यात गुंतल्यासारखे उभे होते. मग सुपरवायझर बाजूला जाऊन फोनवर बोलले. बराच वेळ. एकदा मला ऐकू आलं, "नाही सर, मॅडम उठत नाहीयेत." परत आले आणि म्हणाले, "ऑफिसने दुरुस्त केला. मावशी, इथे नंबर लिहा आणि सही करा."

शेजारणीने पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, २०४३१०२०.

सुपरवायझर बघून म्हणाले, "मावशी, इंग्रजीत लिहा हो. पुन्हा तोच घोटाळा नको."

"न्हाई लिवनार."

"अहो, पण..."

"माजा चार आसाच आसतोय. म्या चुकीचा लिवला न्हवता. ज्येनं चुकीचा वाचला त्येला सांगा."

त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजी येणारी बाई, मी समजूत काढीन असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, "साहेब, मी दोन्ही अंक शिकवलेत. तिने लिहिलंय ते बरोबर आहे."

त्यांनी कागद तसाच घडी करून घेतला आणि फाटकाचं कुलूप काढलं.

आम्ही परतीसाठी एक टेम्पो सांगितला होता. म्हशीने त्याच्या फळीवर एक पाय ठेवला, हुंगलं आणि मागे सरकली. पुढून ओढलं, मागून रेटलं, ती हलेना. शेवटी शेजारणीने फळी वर उचलायला सांगितली. "ऱ्हाऊ दे. पोटुशी हाय, धक्के नगंत. पुलावरनं चालवत न्हिते. बाई, तुमी बसा टेम्पोत."

मी बसले नाही. ऊन उतरलं होतं, आणि एवढं करून म्हैस दुसऱ्या कुणी नदीपार केलेली मला चालणार नव्हती. शेजारीण दावं धरून पुढे, म्हैस मधे, मी चप्पल हातात घेऊन मागे, कारण एका चपलेचा अंगठा कोंडवाड्यातच तुटला होता. रस्त्यावर उसाच्या गाड्या थांबून आम्हाला वाट देत होत्या.

पुलाच्या तोंडाशी मागून आप्पांची मोटरसायकल आली. त्यांनी वेग कमी केला, आमच्या बरोबरीने चालवत म्हणाले, "बाई, झालं न्हवं मनासारखं? आता पुन्यांदा आमच्या तालुक्यात येऊ नगा."

मी उत्तर जुळवत होते. शेजारणीने मागे वळूनही बघितलं नाही.

"आमी कुटं आलतो, आप्पा? म्हस आलती. काय सांगायचं ते तिला सांगा."